उपासाच्या वारी मोजलेले मासे

लाकडी खोका उघडला की त्यातून समुद्राचा वास येई. मुळा धरणाच्या काठी, करड्या उन्हात आणि बाभळींच्या विरळ सावलीत, तो वास अगदी परका वाटे. पाहुण्यांसाठी शेजारून मागून आणलेल्या गादीला दुसऱ्याच घराचा वास यावा, तसा. खोक्यात खोलातले पाणी काढण्याची नळी, दोरीला बांधलेला तापमापक, तपकिरी काचेच्या बाटल्या आणि ताटाएवढी एक तबकडी असे. तबकडीचे दोन भाग पांढरे, दोन काळे. किनाऱ्यावरच्या कुठल्याशा संशोधन केंद्रात, बोटींवर वापरून झाल्यावर ही उपकरणे आमच्या कार्यालयाकडे आली होती. खोक्याच्या बिजागरीत मिठाची पांढरी पुटे अजून शिल्लक होती. मी एकदा बोटाने खरवडून ते मीठ जिभेला लावून पाहिले. तोवर मी समुद्र पाहिला नव्हता.

नव्वदच्या दशकातली ती वर्षे. मी नगरहून एसटीने राहुरीला येत असे आणि तिथून कार्यालयाच्या जीपने धरणावर. पद हंगामी होते, काम बारमाही. ठरलेल्या जागी होडी थांबली की तबकडी पाण्यात सोडायची आणि ती कुठे दिसेनाशी होते ते दोरीच्या गाठींवरून ओळखायचे. पाण्याचे तापमान घ्यायचे. मग खोलातले पाणी बाटलीत धरून त्यातला प्राणवायू मोजायचा. त्यासाठी काठावर बसून रसायनाचा एकेक थेंब सोडत राहायचे, बाटलीतला निळा रंग विरून पाणी पुन्हा नितळ होईपर्यंत. तबकडी नाहीशी होण्याचा एक क्षण आणि निळाई नाहीशी होण्याचा दुसरा. दिवसभर मी या दोन क्षणांची वाट पाहत असे. पाण्यावरून उसळणाऱ्या उन्हाने डोळे इतके शिणत, की घरी पोचल्यावर भिंतीवरही तरंग हलताना दिसत.

माझे वडील शाळेत कविता शिकवीत. लहानपणी त्यांनी मला बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायला शिकवले होते. मी पुढे प्राणिशास्त्र घेतले, नोकरी मिळेल म्हणून. पण सवय गेली नाही. होडीत दोरीच्या गाठी मोजताना माझा अंगठा आपोआप पेरांवरून फिरे, आणि होडी वल्हवणारे मामा गालात हसत.

"म्याडम, बुडलं का ताट?" ते विचारीत. तबकडीला ते ताटच म्हणत.

"बुडले, मामा."

"मंग कालवन वाढा."

हे सारे कशासाठी चालले होते ते सांगायला हवे. धरणात दर वर्षी रोहू, कटला, मृगळ यांचे बोटभर लांबीचे बीज सोडले जाई. ते वाढून मोठे व्हायचे आणि धरणाकाठच्या भोई कुटुंबांनी ते धरायचे, असा हिशेब. पण मासे पहिल्यासारखे मिळत नाहीत, अशी ओरड सुरू झाली होती. तेव्हा पाण्याचा अभ्यास करावा, काठावर उतरणारी मासळी मोजावी, आणि त्यावरून मासेमारी कधी व किती करू द्यावी हे ठरवावे, असे वरून आले. पद्धत समुद्रावर घडलेली होती. पाण्याची मोजणी आणि मासळीची मोजणी एकाच दिवशी करायची, म्हणजे पाणी आणि मासे यांचे नाते कळते, एवढेच तिचे सूत्र. समुद्रावर ते बरोबरच असणार. तिथली मासळी बर्फात बसून दूरदूरच्या शहरांत जाते. बोटींना सगळे दिवस सारखे.

आमचे साहेबही त्या उपकरणांबरोबर किनाऱ्यावरूनच आलेले. सडपातळ, पन्नाशीकडे झुकलेले, सतत रुमालाने मान पुसणारे. धरणाकाठी उभे राहून ते खोल श्वास घेत आणि निराश होत.

"इथल्या पाण्याला वासच नाही हो," ते म्हणत. "पाणी आहे की चित्र, कळत नाही."

जीप आम्हाला आठवड्यातून दोन दिवस मिळे, सोमवारी आणि गुरुवारी. बाकीचे दिवस ती दुसऱ्या विभागाकडे असे. हे कोणी ठरवले, ते कोणाला आठवत नव्हते. चालक, साहेब आणि मी, तिघेही त्या दोन वारांना जुंपलेले होतो. हिवाळ्याची थंडी अंगात भरत असे, उन्हाळ्यात होडीची फळी चटके देई, आणि तरी सोमवारमागून गुरुवार, गुरुवारमागून सोमवार येतच राहत.

काठावर आमची वाट मावशी पाहत असे. मावशी म्हणजे होडीवाल्या मामांची बायको. उंच, हाडाने रुंद, कपाळावर गोंदलेले. हाताला कायम ओल्या नायलॉनच्या जाळ्याचा आणि चिलापी माशाच्या खवल्यांचा वास. उतरलेली मासळी मोजणे हे तिच्या अंगणातले काम. नवऱ्याने आणि शेजाऱ्यांनी आणलेले मासे ती गोणपाटावर ओती. मी एकेक मासा फळीवर ठेवून त्याची लांबी घेई, मग तागडीत वजन. मासे बहुधा थोडेच असत. काठालगत म्हाताऱ्यांनी टाकलेल्या जाळ्यांतली चिलापी, एखादी वाम, क्वचित एखादा हातभर रोहू. काठ शांत असे. पालथ्या होड्या, वाळत घातलेली जाळी, जाळ्यांत अडकलेल्या खवल्यांची अभ्रकासारखी चमक. मला ती शांतता आवडे. थकलेल्या माणसाला शांततेचे कारण विचारावेसे वाटत नाही.

"तुमच्या ताटात खाली जेवायला कोन बसतंय वो?" मावशी मला छेडी. "हिकडं आमच्या ताटात काय न्हाई आन् तुमी पान्याला वाढताय."

"पाण्याला काय कमी पडते ते बघतोय, मावशी."

"पान्याला काय कमी पडंल? समदं पोटात घेऊन बसलंय. आमचं जुनं गाव बी त्येच्याच पोटात हाय."

आणि मग ती चुलीपुढून उठून चहाची कपबशी आणून देई. तिच्या चहाला धुराचा वास असे आणि गूळ जास्त.

त्या वर्षी श्रावण संपल्यावर तिने मला सांगितले, की नेवाशाकडे दिलेल्या तिच्या लेकीला दिवस गेले आहेत. "पयलंच हाय. पौषात भरतील. पयलं बाळतपन आईच्या दारी," ती म्हणाली, आणि बोलता बोलता झोपडीच्या कोपऱ्याकडे अशा नजरेने पाहू लागली, की तिथे ठेवलेले पिंप आणि जळण तिने मनातल्या मनात हलवून बाज टाकली असावी. लेकीच्या सासरी सासू नव्हती. सासरा आणि दोन दीर. मावशीने हे सांगितले तेव्हा पुढे काही बोलायची गरज उरली नाही.

भाद्रपदात, गणपती गेल्यावर, साहेबांनी मासळी धरणाऱ्यांच्या सोसायटीची माणसे काठावर बोलावली. दोन वर्षांची मोजणी त्यांच्यासमोर ठेवली. पाण्यात प्राणवायू पुरेसा होता, पाण्याची स्वच्छताही ठीक होती, आणि तरी मासळी अगदीच कमी उतरत होती. यावरून एकच अर्थ निघत होता, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या आवाजात दरारा नव्हता, खरे तर दिलगिरीच होती.

"साठा संपत चाललाय. दिवाळीपासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत जाळी पूर्ण बंद ठेवावीत, अशी शिफारस आम्हाला करावी लागेल. नाहीतर दोन वर्षांनी इथे धरायला काही उरणार नाही."

एकाने तंबाखू मळली, दुसऱ्याने टोपी काढून पुन्हा घातली. सरकारी माणसापुढे ही मंडळी गप्प बसत. त्यांचे बोलणे मागाहून, होडीत वा अंगणात, सुटे होई.

मावशीचे त्याच दुपारी सुटले. "मंग आमी कोयता घ्यायचा," ती गोणपाट झटकत म्हणाली. "दिवाळी झाली का ऊसतोडीला. पार कोल्हापूरकडं. कोयता म्हंजी नवरा-बायकू दोगं, ठावं हाय ना? एकल्याला अर्धा कोयता म्हनत्यात. दोगं गेलं का हितं दाराला काटी लावायची."

"आणि मुलगी?"

"तिला म्हनायचं, बाई, तुजं म्हायेर ऊस तोडाय गेलंय. फडात ये. पाचटावर बाळंत हो."

ती हसली. मला हसता आले नाही. परतताना जीपच्या मागल्या सीटवर बाटल्या एकमेकींवर आपटून किणकिणत होत्या, आणि माझ्या मांडीवर ती मोजणी होती, जिच्यातला एकेक मासा मी स्वतःच्या हाताने फळीवर ठेवला होता. मोजणीत खोट नव्हती. म्हणूनच तिच्याविरुद्ध काही म्हणता येत नव्हते.

पुढच्या सोमवारी जीप आली नाही. कोण्या मंत्र्याच्या दौऱ्यासाठी ती नेली होती. त्याऐवजी ती बुधवारी मिळाली. साहेब नगरला बैठकीत होते. मी आणि चालक दोघेच निघालो. धरणाचा शेवटचा चढ उतरून जीप काठाशी आली आणि मला वाटले, आपण रस्ता चुकलो.

काठावर पाय ठेवायला जागा नव्हती. मी कधी न पाहिलेल्या होड्या एकीला एक लागून उभ्या होत्या. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबांवरून तरुण पोरे पाण्यातून वर येत होती, त्यांच्या पाठी उन्हात तुकतुकत होत्या. पाट्यांतून मासे ओतले जात होते. ओल्या माशावर ओला मासा पडताना होणारा तो जड, चापट आवाज सगळीकडून येत होता. बायका ओरडत होत्या, सायकलींच्या कॅरिअरला टोपल्या बांधल्या जात होत्या, एक टेम्पो उलटा येत होता आणि त्याला कोणीही वाट देत नव्हते. चिखल, रक्त, शेवाळ यांचा ताजा, थंड, जिवंत वास होता. पाण्याला वास नाही असे म्हणणाऱ्या साहेबांची मला आठवण झाली.

मावशी कमरेला पदर खोचून तागडी धरून होती. मी तिच्यापर्यंत कशीबशी पोचले.

"मावशी, आज काय सण आहे?"

"सन?" ती वळली. "सन न्हाई बाई, बुधवार हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? बुधवार, शुक्रवार, आयतवार. खायाचं वार." तिने तागडीतले मासे टोपलीत उपडे केले. "तुमी येता सोमवारी आन् गुरवारी. शंकराचा वार आन् दत्ताचा वार. त्या दिशी कोन खातंय मासं? गुरवारी तर समद्या गाड्या शिर्डीला. कोल्हारपत्तर ढाब्यावर मासळीची कढई चडत न्हाई. इकायचं कुनाला? बरफ कुनाकडं हाय? मंग खोल पान्यात कशाला जायाचं. म्हातारी मानसं काठाला जाळं टाकत्यात, घरच्यापुरतं. त्येच तुमी मोजता."

मी तागडीच्या दांडीला धरून उभी राहिले. "मग इतके दिवस सांगितले का नाही?"

मावशीला प्रश्नाचे खरोखर नवल वाटले. "सांगायचं काय त्यात? वार काय आमी लपवून ठिवलेत व्हय? आमाला वाटलं, गर्दी नको म्हून तुमी मुद्दाम उपासाचा वार धरता. साहेब लोक, वासाचं वावडं आसंल." आणि मागच्या बायकांकडे वळून मोठ्याने म्हणाली, "आगं, म्याडमला ठावंच न्हाई बुधवार!"

त्या हसल्या, आणि एकीने माझ्या पायाशी पडलेला निसटता मृगळ उचलून टोपलीत फेकला.

आमच्या घरात वार नव्हते. वडिलांनी छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर देव्हाऱ्याबरोबर वारही बाहेर ठेवले होते. ज्या दिवशी स्वस्त मिळे त्या दिवशी आम्ही मासे खात असू, मग तो सोमवार असो की एकादशी. साहेब समुद्राकडचे, त्यांच्या बोटी कोणाचा उपास पाहून निघत नसत. चालक पाळत असे वार, पण तो जीपमध्ये झोपलेला असे आणि मोजणीत काय लिहिले जाते हे त्याला कोणी विचारले नव्हते. अशा रीतीने आम्ही दोन वर्षे एका भरल्या घराचे उपासाचे दिवस तेवढे पाहिले आणि घर उपाशी आहे असा निर्वाळा देऊन बसलो.

साहेबांना सांगितले तेव्हा त्यांनी मान पुसली. रुमालाची घडी घातली, मोडली. "सोमवार, गुरुवार," ते स्वतःशीच म्हणाले. "इतक्या साध्या गोष्टीत..." मग माझ्याकडे न पाहता, "अहवाल दिवाळीआधी जायचाय. जीप इतर दिवशी मिळणार नाही, मी विचारून पाहीन, पण मिळणार नाही. तुम्ही एसटीने जाऊ शकाल?"

मी हो म्हणाले. त्या होकारात उत्साह नव्हता. पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, एवढाच त्याचा अर्थ होता.

मग रविवार, बुधवार आणि शुक्रवार सुरू झाले. पहाटे नगरच्या स्टँडवर पितळी डबा आणि लांबी घेण्याची फळी घेऊन उभे राहायचे. राहुरीला उतरून दुधाच्या टेम्पोत बसायचे, उरलेले अंतर चालायचे. परतीच्या एसटीत माझ्या शेजारची जागा रिकामी राही, इतका माशांचा वास माझ्या अंगाला येई. कारखान्यांची धुराडी अजून पेटायची होती, पण उसाच्या हिरव्या भिंतींमधून जाणारा तो रस्ता मला दर वेळी अधिक लांब वाटे. केसांत वास, नखांत खवले, खांद्यात फळीच्या पट्ट्याची ठसठस. घरी वडील दार उघडत, पाणी तापत ठेवत. आज लिहितानाही त्या ठसठशीची जागा बरोबर सापडते.

मावशीला मी इतकेच सांगितले होते, की मोजणी पुन्हा होते आहे आणि बंदीचे अजून ठरलेले नाही. पण तिने स्वतःचे ठरवून टाकले. पुढच्याच रविवारी कोपऱ्यातले पिंप बाहेर आले होते, जळण छपराखाली गेले होते, आणि तिथली जमीन शेणाने सारवलेली होती, अजून ओली.

"पोरीला सांगावा धाडला," ती म्हणाली. "म्हनलं, दिवाळीला येशील ती ऱ्हायाच्या तयारीनंच ये. तुमी बुधवारी आला म्हून. न्हाईतर मी कोयत्याला नाव दिलंच हुतं."

मी फळीवर मासा ठेवला. तो कटला होता. पुढचाही कटला. त्याच्या पुढचा रोहू. अर्ध्या दुपारी माझ्या लक्षात आले, की मासे भरपूर आहेत आणि मी फळीच्या पहिल्या चतुर्थांशापलीकडे क्वचितच जाते आहे. जे मासे अजून दोन-तीन पावसाळे पाण्यात राहून हातभर व्हायचे, अंड्यांनी भरायचे, ते वितीएवढे असतानाच वर येत होते. पुढच्या बुधवारीही तसेच, शुक्रवारीही तसेच. मी माशांच्या कल्ल्यांमागे जाळ्याच्या दोऱ्याने उमटलेली लाल रेघ पाहू लागले. मग जाळीच पाहिली.

जाळे बोटांनी ओळखतात. ज्याच्या भोकातून दोन बोटे जातात ते दोन बोटांचे, चार जातात ते चार बोटांचे. चार बोटांच्या जाळ्यातून लहान मासा निसटतो. काठावरची बहुतेक सगळी जाळी दोन बोटांची होती. मी मावशीच्या जाळ्यात बोटे घालून पाहिली, त्याच बोटांनी, ज्यांच्या पेरांवर मी कधी मात्रा मोजल्या होत्या. दोन बोटे गेली, तिसरे अडले.

धरण रिकामे नव्हते. साहेबांनी सांगितलेले कारण चुकले होते. पण धरण वाढू दिले जात नव्हते, हेही खरे होते, आणि ते मला न मोजल्यासारखे करता येईना. दोन्ही गोष्टी मी साहेबांना सांगितल्या. त्यांनी मोजणी नीट वाचली, मान हलवली, आणि नव्याने शिफारस लिहिली: धरण बंद करू नये, दिवाळीपासून दोन बोटांची जाळी बंद करावीत, चार बोटांची चालू ठेवावीत. "ही टिकेल," ते म्हणाले. "पहिली टिकली नसती." त्यांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झालेला दिसला.

मावशीला सांगायला मी शुक्रवारी गेले. ती दारात जाळ्याची फाटकी बाजू मांडीवर घेऊन सांधत बसली होती. बांबूची चपटी सुई आत-बाहेर होत होती.

"बंद न्हाई ना?" तिने वर न पाहता विचारले.

"बंद नाही. पण हे जाळे चालणार नाही, मावशी. दिवाळीपासून चार बोटांचेच."

सुई थांबली. "आमच्याकडं येवढं येकच हाय. दोन बोटाचं चार बोटाचं व्हतं का? ते काय पोरीचं झंपर हाय, शिवन उसवून मोठं कराय?"

"नवे विणावे लागेल."

"आक्खा हिवाळा जातो इनाया. तवर?"

मी खांद्यावरची फळी खाली ठेवली.

"म्हंजी तवा मासं न्हाईत म्हून बंद," ती सावकाश म्हणाली, "आन् आता मासं हायेत म्हून बंद."

"मासे आहेत, पण सगळी लेकरे आहेत, मावशी. ती मोठी झाली नाहीत तर पुढे..."

"मला नका शिकवू लेकरं." तिचा आवाज चढला नाही. तिने सुई जाळ्यात खोचली आणि सारवलेल्या कोपऱ्याकडे पाहत राहिली. होडीला डांबर लावत बसलेल्या मामांनी हात थांबवला. धरणावरून वारा येत होता, त्याला शेवाळाचा कच्चा वास होता. त्या दिवशी तिने मला चहा विचारला नाही. मी टेम्पोची वाट न पाहता चालत निघाले, आणि अर्ध्या वाटेत फळी तिच्या अंगणातच राहिल्याचे आठवले. परत जाण्याइतके त्राण माझ्यात नव्हते.

रविवारी गेले तेव्हा फळी धुऊन भिंतीला टेकवून ठेवलेली होती. मावशीपुढे नायलॉनच्या दोऱ्याची नवी लड होती. सोसायटीने दिलेली. मामांनी कोयता घेतला होता, अर्धा. त्यांच्या भावाच्या टोळीबरोबर ते दिवाळीनंतर एकटेच जाणार होते. मावशी राहणार होती.

"बसा," ती म्हणाली, पण माझ्याकडे पाहिले नाही. "हात पुढं करा."

मी हात पुढे केला. तिने दोऱ्याची लड माझ्या दोन्ही पंज्यांवर चढवली आणि ती सुईवर भरू लागली. दोरा माझ्या अंगठ्यांवरून सरकत राहिला, नवा, कोरडा, थोडा कापणारा. तिच्या मांडीजवळ बांबूचा एक तुकडा होता, चार बोटे रुंद. त्याभोवती दोरा फिरवून ती एकेक गाठ बसवी, आणि प्रत्येक गाठीला तिच्या मनगटाची शीर टच्च उभी राही. तासाभराने विणून झालेला तुकडा जेमतेम ओंजळभर होता.

दिवाळी झाली. मामा गेले. लेक आली, ओठांवर थंडीने भेगा पडलेली, अबोल, पोट सांभाळत हळू चालणारी. मावशी पहाटे चार बोटांची जाळी असलेल्या शेजाऱ्यांची मासळी डोक्यावरून राहुरीला विकायला नेई आणि दुपारपासून विणीत बसे. मला पुन्हा जीप मिळू लागली होती. पाण्याची मोजणी पूर्वीसारखीच सोमवारी आणि गुरुवारी, मासळीची मात्र आता खाण्याच्या वारी, अंगणाऐवजी काठावरच. म्हणजे माझा आठवडा आता जवळजवळ सबंध धरणाचाच झाला होता. होडीवर मामांच्या जागी दुसरा कोणी होता. तबकडी बुडली की विचारणारे कोणी नव्हते.

पौषात काही सोमवार मी काठावर रेंगाळले नाही. थंडीने बोटे इतकी बधिर होत की थेंब जास्त पडत आणि निळा रंग कधी गेला हेच उमजत नसे. दोनदा चाचणी करावी लागे. मग एका सोमवारी, जीपला अवकाश होता म्हणून, मी झोपडीकडे गेले.

अंगणापुढे मावशीने मेथी आणि लसूण लावला होता. कोंबड्या शिरू नयेत म्हणून त्याभोवती काठ्या रोवून जुने दोन बोटांचे जाळे ताणले होते. जाळ्यावर लहान लहान दुपटी वाळत होती, जुन्या लुगड्यांची, विटक्या निळ्या आणि कुंकवाच्या रंगाची. आतून ओव्याच्या शेगडीचा उग्र, उबदार धूर येत होता, आणि त्या धुरातून एक बारीक, चिडका आवाज.

मावशी दारातच बसली होती. नवे जाळे तिच्या मांडीवरून ओघळून उंबऱ्यापर्यंत आले होते. अजून अर्धेही झाले नव्हते. तिचे डोळे आत गेले होते. सुईच्या बाजूला, तर्जनीवर दोऱ्याने कापल्याच्या भेगा होत्या आणि त्यांत हळद भरलेली.

"मुलगी झाली?" मी विचारले.

"पोरगा. नाकानं आज्यावर गेलाय." तिने हनुवटीने आत दाखवले. "आज्याला म्होरल्या म्हैन्यात सांगावा पोचंल. तवर रड म्हनावं."

मी चपला काढल्या. आत जावे की नाही, ठरवता येईना. अंगाला पाण्याचा, रसायनांचा वास होता. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. माझ्या पायांत गोळे आले होते.

"आज वार कोन्ता?" मावशीने विचारले.

"सोमवार."

"मंग बसा. आज घाई न्हाई." तिने जाळ्याची एक कड उचलून माझ्यासाठी जागा केली. मी बसले, भिंतीला पाठ टेकली, आणि तिने सांगण्याआधीच मी दोऱ्याच्या लडीत हात घातले.